१८७५ चा खटला घरबसल्या, १९७५ चा दावा मात्र अर्जावर

मल्हारराव गायकवाडांवरच्या विषप्रयोगाच्या खटल्याची छापील हकीकत, साक्षी-उलटतपासांसकट, आज कुणालाही फुकट वाचता येते. हातात मोबाइल असला की झालं. पण याच बडोद्यातला एखादा साधा वाटणीचा दावा समजा १९७५ मध्ये अपिलात गुजरात हायकोर्टात गेला असेल आणि त्याची मिसल पाहायची असेल, तर गोष्ट वेगळी. मिसल म्हणजे नुसता निकाल नव्हे. दावा, कैफियत, साक्षी, निशाण्या, सगळंच. आपण त्या दाव्यातले पक्षकार नसू, तर रीतसर अर्ज करायचा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं आणि हे कागद कशासाठी हवेत ते लिहून द्यायचं. शंभर वर्षं जुना राजाचा खटला उघडा आणि आपल्या आजोबांच्या शेजाऱ्याचा दावा बंद. असं का झालं, आणि स्थानिक इतिहासवाल्यांचं त्यात काय अडतं, ते या टिपणात मांडतो.

आधी राजाचा खटला. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत ही गोष्ट 'हिऱ्याची पूड' या दोन शब्दांत सांगून संपते. छापील कागद वाचले की ती बरीच गुंतागुंतीची निघते.

मल्हारराव १८७० मध्ये गादीवर आले. त्याआधी थोरले बंधू खंडेराव यांनी त्यांना पादऱ्याला कैदेत ठेवलं होतं, त्यामुळे कारभाराची सवय नाही आणि दरबारातल्या निम्म्या लोकांवर राग, अशी सुरुवात. १८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर रेसिडेंट म्हणून आले आणि दोघांचं कधी जमलंच नाही. त्याच वर्षी कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली गैरकारभाराची चौकशी झाली. १८७४ मध्ये दादाभाई नौरोजी दिवाण झाले, पण त्यांनाही हे भांडण मिटवता आलं नाही. २ नोव्हेंबर १८७४ ला महाराजांनी खलिता पाठवून फेअरना बदलण्याची मागणी केली. पुढे आठवडाभरात, ९ नोव्हेंबरला, सकाळी फिरून आलेल्या फेअरनी पपनसाच्या रसाचे एकदोन घोट घेतले, चव बरी लागली नाही म्हणून उरलेला रस फेकला, आणि पेल्याच्या तळाशी काही गाळ दिसला. डॉ. सीवर्डनी तो तपासला, मुंबईच्या रासायनिक तपासनिसाकडे पाठवला. सोमल आणि चमकणारी कसली तरी पूड, असं निघालं.

पुढे फेअर गेले, सर लुईस पेली आले. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली माणसं घेऊन तपासाला आले. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली आणि २३ फेब्रुवारीला कमिशन बसलं. कायद्याच्या भाषेत हे कोर्ट नव्हतं, व्हाइसरॉय नॉर्थब्रुकनी नेमलेली चौकशी होती. पण साक्षीदार, उलटतपास, दोन्ही बाजूंचे बॅरिस्टर, सगळा थाट कोर्टाचाच. अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच; सोबत मीड आणि मेल्व्हिल. हिंदी बाजूने ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. म्हणजे सहापैकी दोघे ग्वाल्हेरशी बांधलेले, आणि दोघेही मराठी. ग्वाल्हेरच्या सभासदांनी हे कागद त्या अंगाने जरूर वाचावेत. सरकारतर्फे मुंबईचे ॲडव्होकेट जनरल स्कोबल. महाराजांतर्फे लंडनहून आणलेले सार्जंट बॅलंटाइन.

वाचताना मला सगळ्यांत धरून ठेवलं ते राजेलोकांनी नव्हे, नोकरमाणसांनी. रेसिडेन्सीतली आया अमीना. रात्री वाड्यावर जाऊन महाराजांना भेटल्याचं ती सांगते. हवालदार रावजी, रसात पूड टाकल्याचं तो कबूल करतो, आणि त्याला माफीचं वचन मिळालेलं. जमादार नरसू, त्याला माफीचं वचन नव्हतं, तरी त्याने कबुली दिली, आणि मध्येच रेसिडेन्सीच्या आवारातल्या विहिरीत उडी घेतली. बटलर पेद्रो, गोव्याकडचा. त्याने विषाशी आपला संबंध साफ नाकारला. या माणसांचे पगार, कोण कुठे राहायचं, दिवाळीची पोस्त कोण देत असे, हे सगळं उलटतपासात बाहेर येतं. १८७४ सालच्या बडोदे कॅम्पातल्या नोकरवर्गाचं इतकं बारीक चित्र दुसरीकडे कुठे मिळेल असं मला वाटत नाही.

रावजीच्या पट्ट्याचा मुद्दा तर मुळातूनच वाचण्यासारखा आहे. रावजी पकडला गेल्यावर त्याचा चपराशाचा पट्टा दुसऱ्याच शिपायाच्या कमरेला होता. पोलीस अधिकारी अकबर अली यांनी तो पट्टा मागवला, चाचपला, आणि त्याच्या आतल्या कप्प्यातून सोमलाची पुडी निघाली. इतके दिवस दुसऱ्याच्या कमरेला असलेल्या पट्ट्यात पुडी तशीच कशी राहिली, आणि ती नेमकी पोलिसांच्याच हाताला कशी लागली? बॅलंटाइननी हा धागा शेवटपर्यंत सोडला नाही.

दुसरा धागा महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांचा. त्यांना गोऱ्या सैनिकांच्या पहाऱ्यात ठेवलं होतं; काही दिवसांनी, माफीच्या वचनावर, त्यांनी कबुलीजबाब दिला. घोड्याच्या औषधासाठी म्हणून दोन तोळे सोमल मागवल्याची चिठ्ठी आणि हिशोबातल्या नोंदींवर सांडलेली शाई, हे त्यांच्या साक्षीतले पुरावे. सरकार म्हणालं, महाराजांचा खर्च लपवायला शाई सांडली. बॅलंटाइन म्हणाले, चिटणिसाने स्वतःची अफरातफर झाकायला सांडली. आणि हिरे पुरवल्याचं आधी लिहून दिलेला जवाहिऱ्या हेमचंद फतेचंद कमिशनसमोर उभा राहून सरळ फिरला. पोलिसांनी दबाव आणून लिहून घेतलं, म्हणाला. 'हिऱ्याची पूड' म्हणून आपण जी गोष्ट सांगतो तिचा मुख्य खांबच साक्षीच्या पिंजऱ्यात डळमळलेला आहे.

निकाल तीन-तीन असा फाटला. तिघा इंग्रजांनी दोषी ठरवलं. शिंदे आणि दिनकररावांनी आरोप सिद्ध होत नाही म्हटलं, जयपूरकरांनी निर्दोष म्हटलं. मग सरकारने एप्रिल १८७५ मध्ये जाहीरनामा काढला, त्यात कमिशनचा निकाल बाजूला ठेवला आणि गैरकारभाराचं कारण देऊन महाराजांना पदच्युत केलं. त्यांना मद्रासला नेलं, १८८२ मध्ये ते तिथेच वारले. इकडे २७ मे १८७५ ला जमनाबाईंनी कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला, ते सयाजीराव.

हे सगळं आज आपल्या हाताशी आहे याचं कारण म्हणजे तो साम्राज्याच्या गळ्याशी आलेला मामला होता. वार्ताहर बसलेले होते, वर्तमानपत्रांनी रोजची हकीकत छापली. लंडनच्या पार्लमेंटपुढे कागद ठेवावे लागले म्हणून ब्लू बुकं निघाली. पुढे पुस्तकं निघाली. त्यांच्या प्रती परदेशी ग्रंथालयांत टिकल्या, हक्काची मुदत संपली, कुणीतरी स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हवर चढवल्या. बडोद्याने, किंवा कुठल्याही कोर्टाने, त्यासाठी काही केलेलं नाही. आणि जे छापलं ते सगळं इंग्रजीत. अमीना, रावजी, नरसू ज्या बोलीत बोलले ती दुभाष्याच्या तोंडीच विरून गेली.

इथे हैद्राबाद-औरंगाबादकडच्या वाचकांसाठी एक जोड. ताईमहाराज प्रकरणाचा, म्हणजे टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित, प्रिव्ही कौन्सिलचा १९१५ चा निकालही असाच फुकट वाचता येतो. बाबामहाराजांच्या विधवेने जून १९०१ मध्ये औरंगाबादला, तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, जगन्नाथाला दत्तक घेतलं की नाही, हा वाद. लॉर्ड शॉ यांनी टिळकांच्या बाजूने निकाल दिला. साक्षीदाराला खोटं ठरवायचं तर तो मुद्दा उलटतपासात त्याच्यासमोर ठेवला पाहिजे, हे त्यातलं वाक्य वकील अजून उद्धृत करतात. ब्रिटिश हद्दीतल्या कोर्टांतली भांडणं लंडनपर्यंत जात, तिथे छापली जात, म्हणून ती आज दिसतात. बडोदा संस्थानातली भांडणं तिकडे जात नसत. मुन्सफापासून वरिष्ठ कोर्टापर्यंत, आणि त्यावर हुजूर न्यायसभेच्या सल्ल्याने खुद्द महाराजांकडे. तिथे विषय संपला. त्यामुळे 'बडोदा' असा शोध टाकला की मल्हाररावांचा खटला धबाधबा समोर येतो आणि रावपुऱ्यातल्या, दांडिया बाजारातल्या माणसांची भांडणं काही केल्या सापडत नाहीत. ती झालीच नव्हती असं थोडंच आहे! सुरसागराकाठी १८९६ मध्ये न्यायमंदिराची एवढी मोठी इमारत उभी राहिली ती काय रिकामी ठेवायला?

आता आजच्या काळाकडे येऊ. निकालांपुरतं बोलायचं तर आपली स्थिती पुष्कळ चांगली आहे, हे आधी सांगितलं पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कोर्टाचा निकाल छापायला कुणालाही मोकळीक दिली आहे, कोर्टानेच मनाई केली नसेल तर. डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या दाव्यात सुप्रीम कोर्टाने रेघ मारून दिली: निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा, प्रकाशकाने कौशल्य वापरून त्यावर केलेली भर तेवढी त्याची. लगेच २००८ मध्ये सुशांत सिन्हा यांनी इंडियन कानून सुरू केलं आणि वकिलाच्या कपाटातले जाडजूड खंड एकदम आपल्यासारख्यांच्या हातात आले. जानेवारी २०२३ मध्ये खुद्द सुप्रीम कोर्टाने ई-एससीआर काढून सुमारे ३४ हजार निकाल फुकट ठेवले. काही निकालांची मराठी भाषांतरंही येऊ लागली. भाषांतर यंत्राच्या मदतीने होतं, ते वाचताना कळतंच, पण इंग्रजीला बिचकणाऱ्या माणसाला सुरुवात करायला पुरतं.

पण निकाल म्हणजे मिसल नव्हे. मल्हाररावांच्या कमिशनचा नुसता अहवाल छापला असता तर आपल्याला एवढंच कळलं असतं की तिघे असं म्हणाले आणि तिघे तसं. अमीना नाही, पट्टा नाही, शाई नाही. जिल्हा कोर्टांच्या संकेतस्थळावर आज तारखा, हुकूम, निकाल दिसतात, आणि ते उत्तमच आहे. साक्षी आणि निशाण्या मात्र सहसा दिसत नाहीत. इतिहासाला लागतात त्या नेमक्या त्याच.

आणि इथे आपल्या गुजरातचा प्रश्न येतो. गुजरात हायकोर्टाच्या १९९३ च्या नियमांत नियम १५१ आहे. पक्षकाराला नकला मिळतात. त्रयस्थाला हव्या असतील तर त्याने कारण द्यायचं, हुकूम मिळवायचा. हा नियम दोन प्रकरणांत दोन वेगळ्या बाजूंनी पुढे आला, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचली की मजा येते.

पहिलं जानेवारी २०१७ चं. फौजदारी खटल्यातून सुटलेल्या एका माणसाने हायकोर्टात अर्ज केला: माझा निकाल छापण्याजोगा नाही असा शिक्का असूनही इंटरनेटवर फुकट दिसतो, गूगलवर माझं नाव टाकलं की वर येतो, तो काढा. हायकोर्टाने नकार दिला. हे अभिलेख न्यायालय आहे, त्रयस्थालाही नियम १५१ प्रमाणे नक्कल मिळू शकते, निकाल दिसण्याने कुठला कायदा मोडला ते अर्जदाराने दाखवलेलं नाही, असं कारण दिलं.

दुसरं मार्च २०२० चं, सुप्रीम कोर्टाचं. एकाने माहिती अधिकाराखाली गुजरात हायकोर्टातल्या प्रकरणांचे कागद मागितले. राज्याच्या माहिती आयुक्तांनी द्या म्हटलं, हायकोर्टाने ते रद्द केलं, आणि सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचं खरं धरलं. कोर्टाच्या कागदांसाठी कोर्टाचे नियम आहेत तर माहिती अधिकाराची वाट धरायची नाही. त्रयस्थाने प्रतिज्ञापत्रावर कारण सांगायचं. माहिती अधिकारात तर कारण विचारायचंच नाही, असं कायदाच सांगतो. पण इथे ते चालत नाही.

म्हणजे एकाच नियमाच्या आधारावर सुटलेल्या माणसाला सांगितलं की तुझा निकाल लोकांनी पाहिला तर हरकत नाही, आणि पाहू इच्छिणाऱ्याला सांगितलं की आधी का पाहायचं ते सांग. आणि हेच हायकोर्ट ऑक्टोबर २०२० मध्ये आपलं कामकाज यूट्यूबवर थेट दाखवणारं देशातलं पहिलं हायकोर्ट ठरलं, ज्याचा मला खरोखर अभिमान आहे. सुनावणी चालू असताना कुणीही, कारण न सांगता, घरी चहा पीत पाहावी. सुनावणी संपून कागद कपाटात गेले की मात्र कारण सांगा.

कारण विचारण्यात गैर काय, असं आपल्यातलेच काहीजण म्हणतील. 'इतिहास अभ्यासासाठी' लिहून द्यावं की! देतो. पण कारण लिहायचं म्हणजे काय शोधतोय ते आधी माहीत पाहिजे, दाव्याचा नंबर आणि साल पाहिजे. इतिहासाचं काम असं चालत नाही. शंभर मिसली चाळल्यावर एकीत पागनीस वाड्यातल्या विहिरीच्या हक्काची साक्ष सापडते आणि मग कळतं की आपण काय शोधत होतो. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे छापील वृत्तांत, सुमारे १ लाख ९७ हजार खटले, २००३ पासून फुकट खुले होत गेले आणि त्यातून पाकीटमार, मोलकरणी, दुकानातली पोरं यांचा इतिहास लिहिला गेला, तो या चाळण्यामुळेच. कारण सांगूनच आत यायचं असतं तर त्यातलं किती निघालं असतं?

दुसरी बाजू मी झटकून टाकत नाही. घटस्फोट, बलात्कार, लहान मुलांची प्रकरणं उघडी टाकायची नाहीतच; कायदाही ती नावं झाकायला सांगतो. आणि २०१७ च्या त्या अर्जदाराबद्दल मला सहानुभूती आहे. निर्दोष सुटलेल्या माणसाला नोकरी देताना, मुलीच्या लग्नाची बोलणी करताना लोक निकाल शेवटपर्यंत वाचत नाहीत, नाव दिसलं की पुरे. रावजी आणि अमीना आज हयात नाहीत म्हणून आपण त्यांच्या भानगडी आनंदाने वाचतो. त्यामुळे माझं मत असं, की भेद काळाचा करावा. जिवंत माणसांच्या कागदांना नियम १५१ ठीक आहे. पण पाऊणशे वर्षांपलीकडच्या दिवाणी मिसलींना प्रतिज्ञापत्र कशाला? बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थानी कोर्टांचे सगळे कागद या मुदतीच्या पलीकडेच पडतात. एवढी एक रेघ मारली तरी आपलं निम्मं काम सुटेल.

घाई याची आहे की कागद थांबत नाहीत. मिसलींची वर्गवारी करून मुदत संपलेल्या नष्ट करण्याचे नियम हायकोर्टांनी करावेत, असा १९१७ पासूनचा कायदा आहे. जागेची अडचण खरी, त्याबद्दल रेकॉर्डकीपरला दोष देण्यात अर्थ नाही. पण निकाल राखायचा आणि साक्षी जाळायच्या, असा हिशोब झाला तर आपल्या हाती पुन्हा 'तिघे असं म्हणाले, तिघे तसं' एवढंच उरेल.

तोवर घरून करण्यासारखी दोन कामं आहेत. पहिलं, ट्रंकांमधल्या खऱ्या नकला. पूर्वी दावा लढलेल्या प्रत्येक घरात शिक्क्याच्या कागदावरच्या नकला असतात. पक्षकाराच्या घरात त्या आधीच आलेल्या आहेत, त्यांना कुणाची परवानगी नको. त्यांचे फोटो काढून मंडळाकडे द्या, हयात माणसांची नावं आपण झाकू. मोडीतले असतील तरी द्या, वाचणारे आहेत.

दुसरं, मल्हारराव खटल्याची नावांची सूची. छापील इंग्रजीत तेच नाव तीन-चार तऱ्हांनी येतं: मल्हाररावचं मुल्हार राव, गायकवाडचं गायकवार, गुइकवार, गुइकोवार, दामोदरपंतांचं दामोदर पंट, नरसूचं नर्सू. मराठी हिज्ज्याला जवळचं स्पेलिंग टाकून शोधलं तर फारसं हाती लागत नाही, म्हणून अनेकजण कंटाळून सोडून देतात. मी साक्षीदारांपासून सुरुवात केली आहे. वाड्यांची आणि वस्त्यांची नावं ओळखायला जुन्या बडोद्याची माहिती असलेलं कुणीतरी सोबत हवं आहे.